अंकुशकृमीचा प्रादुर्भाव आणि प्रतिबंध: नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात

अंकुशकृमी हा माणसाच्या लहान आतड्यात राहणारा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा गोलकृमी आहे. ‘पोटात जंत झाले’ असे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शौचातून पडणारा वीतभर लांबीचा मोठा जंत येतो. अंकुशकृमी मात्र क्वचितच कोणाच्या नजरेस पडतो. तो आतड्याच्या अस्तराला तोंडाने घट्ट धरून राहतो आणि रक्त शोषतो. त्याच्या लाळेतील द्रव्ये रक्त गोठू देत नाहीत, त्यामुळे त्याने जागा बदलली तरी जुनी जखम काही काळ झिरपतच राहते. या कृमीने माणूस सहसा मरत नाही, अंथरुणालाही खिळत नाही. वर्षानुवर्षे थोडे थोडे रक्त जात राहते. मग चढावर लागणारा दम, थकवा आणि चेहऱ्याचा फिकटपणा ही त्या माणसाची प्रकृतीच आहे असे घरचे मानू लागतात. आरोग्याच्या कामात हा आजार सतत मागे पडत आला आहे तो मुख्यतः यामुळे.

माणसाला बाधणाऱ्या मुख्य जाती दोन आहेत, अँकायलोस्टोमा ड्युओडेनाले आणि निकेटर अमेरिकॅनस. पहिलीच्या तोंडात दातांच्या दोन जोड्या असतात, तर दुसरीच्या तोंडात धारदार पट्ट्या. पहिल्या जातीचा एक कृमी दिवसाला साधारण ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो, दुसऱ्या जातीचा सुमारे ०.०३ मिलिलिटर. निकेटरची मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते आणि अँकायलोस्टोमाची त्याच्या दुप्पट-तिप्पट. एवढी अंडी बाहेर पडत असली तरी माणसाच्या पोटात कृमींची संख्या वाढत नाही, कारण अंडे आतड्यात फुटून तिथेच मोठे होऊ शकत नाही. त्याला एकदा मातीत जावेच लागते. पोटात दोनशे कृमी असतील तर दोनशे अळ्या बाहेरूनच अंगात शिरलेल्या असतात. प्रतिबंधाचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

शौचाबरोबर जमिनीवर पडलेली अंडी ओल, सावली आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत फुटतात. पाच ते दहा दिवसांत अळी दोनदा कात टाकते आणि माणसाला बाधण्याजोगी होते. परिस्थिती अनुकूल असेल तर ती तीन-चार आठवडे तशीच जगते. ती स्वतःहून फार लांब जात नाही. मातीच्या वरच्या थरात येऊन थांबते आणि उघड्या पायाचा किंवा हाताचा स्पर्श झाला की कातडीतून आत शिरते. तेथून रक्तावाटे हृदयात आणि फुप्फुसात, फुप्फुसातून श्वासनलिकेने घशापर्यंत आणि गिळली गेल्यावर आतड्यात असा तिचा प्रवास असतो. कातडीतून शिरल्यापासून मादी अंडी घालू लागेपर्यंत पाच आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जातो. अँकायलोस्टोमाची अळी दूषित भाजीपाल्यावाटे किंवा मातीच्या हातांवाटे तोंडातूनही जाऊ शकते.

ही अळी कातडीतून शिरते, हे एका अपघातामुळे कळले. आर्थर लूस हा जर्मन शास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कैरोत या अळ्यांवर प्रयोग करत होता. अळ्या असलेले पाणी त्याच्या हातावर सांडले, त्या जागी खाज सुटली आणि पुढे काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात अंडी सापडली. त्याआधी १८८०च्या सुमारास आल्प्स पर्वतातील सेंट गॉथर्ड बोगद्यावरील मजुरांमध्ये तीव्र रक्तक्षयाची साथ पसरली होती. बोगद्यात ओल आणि ऊब होती, माणसे दाटीने काम करत होती आणि शौचाची सोय नव्हती. इटालियन शास्त्रज्ञ पेरोन्चितो याने या साथीचा संबंध अंकुशकृमीशी जोडला. हा आजार श्रमाच्या जागेशी किती घट्ट बांधलेला आहे, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

नाशिक जिल्ह्याचा नकाशा या दृष्टीने पाहिला तर त्याचे सरळ दोन भाग पडतात. पंधरा तालुक्यांपैकी येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड, सिन्नर हे तालुके पर्जन्यछायेत आहेत. तिथे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जमीन उन्हात तापून भेगाळते आणि अळी काही तासांत सुकून मरते. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावरचे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा हे तालुके मात्र जून ते सप्टेंबर पाण्यात भिजत असतात. इगतपुरीचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. लाल, निचऱ्याची माती, झाडोरा, दमट हवा आणि पंचवीस ते तीस अंशांच्या आसपासचे तापमान, असे अळीला जे जे लागते ते सगळे इथे चार महिने असते. त्यातच इथली शेती भात, नागली आणि वरईची, म्हणजे चिखलात उभे राहून करायची.

राब भाजून केलेल्या वाफ्यात रोप वाढते, खाचरांत चिखलणी होते आणि जुलैमध्ये आवणी सुरू होते. ही कामे अनवाणीच होतात. रुतत्या चिखलात चप्पल पायात टिकत नाही आणि उंच रबरी बूट घालून दिवसभर वाकून रोप लावणे कोणालाही झेपणारे नाही. रोप लावताना हातही मनगटापर्यंत मातीत असतात. आवणीचे बहुतेक काम बायका करतात, त्यात गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्याही असतात. शौचाला जाण्याच्या जागा खाचरांच्या वरच्या अंगाला, बांधाच्या किंवा झाडाच्या आडोशाला असतात, कारण आडोसा पाहूनच माणूस जागा निवडतो. आडोशाला सावली असते आणि सावलीत ओल टिकते. रोज तीच माणसे त्याच जागी जात असल्याने आधी पडलेल्या विष्ठेतल्या अळ्या नंतर येणाऱ्याच्या पायाला मिळतात. पावसाचे पाणी त्या जागेवरून खाली खाचरात उतरते.

अळी शिरते त्या जागी, बहुधा बोटांच्या बेचक्यात, खाज येते आणि बारीक पुरळ उठतो. पावसाळ्यात सततच्या ओलीने होणाऱ्या चिखल्याही नेमक्या तिथेच होतात. त्यामुळे ही खाज चिखल्यांच्या नावावर जमा होते, तेल-हळद लावून काम पुढे चालू राहते आणि संसर्गाची पहिली खूण निघून जाते. पुढचा कोरडा खोकलाही पावसाळी खोकल्यात मिसळून जातो.

पश्चिम पट्ट्यातले पाणी ओसरले की माणसे पूर्वेकडे येतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागांतून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीसाठी व पुढे काढणीसाठी उतरतात आणि महिनोन्महिने बागेच्या कडेला पाल टाकून राहतात. पालाजवळ शौचालय असेलच असे नाही. वेलींची सावली आणि ठिबकच्या नळीखाली कायम ओला राहणारा पट्टा या दोन्ही गोष्टी अळीला सोयीच्या आहेत. त्यामुळे पाऊस कमी म्हणून निफाडची जमीन सरसकट सुरक्षित मानता येत नाही.

पावसाळा संपल्यावर आठ महिने कोरड्या जमिनीत अळी जगत नाही. तरीही पुढच्या जूनमध्ये संसर्ग पुन्हा सुरू होतो, कारण मधल्या काळात कृमी माणसाच्या पोटात असतात. निकेटर तीन ते पाच वर्षेही जगतो. अँकायलोस्टोमाची तऱ्हा आणखी वेगळी आहे. गेरहार्ड शाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधील अभ्यासावरून १९७३ मध्ये दाखवून दिले की या जातीच्या काही अळ्या शरीरात शिरल्यावर वाढ थांबवून कित्येक महिने सुप्त राहतात आणि पुढचा पावसाळा जवळ आल्यावर प्रौढ होऊन अंडी देऊ लागतात. अंडी बाहेर पडतात तेव्हा जमीन ओली झालेली असते. पावसावर जगणाऱ्या प्रदेशात हा कृमी इतका टिकाऊ का ठरतो, याचे हे एक उत्तर आहे.

शरीराचे नुकसान समजण्यासाठी लोहाचा हिशेब मांडावा लागतो. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते. शंभर निकेटर कृमी दिवसाला तीन मिलिलिटर रक्त, म्हणजे जवळपास दीड मिलिग्रॅम लोह घालवतात. अँकायलोस्टोमाचे शंभर कृमी असतील तर हा आकडा दहा मिलिग्रॅमपर्यंत जातो. सांडलेल्या रक्तातील काही लोह आतडे पुन्हा शोषून घेते, पण सगळे नाही. दुसरीकडे, साध्या शाकाहारी जेवणातून शरीराला दिवसाकाठी मिळणारे लोह एक-दोन मिलिग्रॅमच्या घरात असते. नागलीत लोह असते, पण धान्यातील फायटेटमुळे त्याचा थोडाच अंश शोषला जातो. मासिक पाळी आणि बाळंतपणे यांत जाणारे लोह वेगळेच. म्हणून तेवढ्याच कृमींनी धडधाकट पुरुष थोडा फिकट होईल, तर त्याच घरातली गरोदर बाई सात-आठ ग्रॅम हिमोग्लोबिनपर्यंत उतरेल. जुन्या वैद्यकात माती खाण्याशी जोडलेल्या पांडुरोगाचे वर्णन आहे. लोह कमी झालेल्या मुलांना आणि गरोदर बायकांना माती खाविशी वाटते, हे आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे. मुलांमध्ये याचा परिणाम वाढ खुंटणे आणि अभ्यासात लक्ष न लागणे असा दिसतो. तीव्र संसर्गात रक्तातील प्रथिने घटून पाय व चेहरा सुजतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत हेच आकडे ५३.८ आणि ४८ टक्के होते. या सगळ्याचा दोष अंकुशकृमीला देणे चूक ठरेल. अपुरा आहार, लवकर लग्ने, हिवताप आणि काही आदिवासी समूहांत आढळणारा सिकलसेल ही कारणेही तितकीच खरी आहेत. परंतु पश्चिम नाशिकसारख्या पट्ट्यात लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षे वाटूनही हिमोग्लोबिन वर येत नसेल, तर लोह आतड्यातून गळत तर नाही ना, हे तपासायला हवे.

तपासणी अवघड नाही, पण वेळेला बांधलेली आहे. कॅटो-कॅट्झ पद्धतीत ठरावीक मापाचा शौचनमुना काचपट्टीवर पसरून अंडी मोजतात. अंकुशकृमीच्या अंड्याचे कवच पातळ असल्याने पट्टी अर्ध्या ते एक तासाच्या आत पाहावी लागते, नाहीतर अंडी दिसेनाशी होतात आणि उत्तर चुकून ‘नाही’ येते. दुर्गम पाड्यावरचा नमुना सकाळी घेऊन दुपारी तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोहोचला, तर त्यात मोठ्या जंताची अंडी सापडतील. अंकुशकृमीची हातातून निसटलेली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून सूक्ष्मदर्शक पाड्याजवळच्या आरोग्य केंद्रात असणे गरजेचे आहे. एक ग्रॅम शौचात दोन हजारांहून कमी अंडी म्हणजे सौम्य, चार हजारांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र संसर्ग, अशी जागतिक आरोग्य संघटनेची प्रतवारी आहे. आजार ठरतो तो कृमींच्या संख्येवर, नुसत्या असण्यावर नाही.

उपचार आज स्वस्त आणि सोपा आहे. पूर्वी थायमॉल, नंतर १९२०च्या दशकात कार्बन टेट्राक्लोराइड अशी जहाल औषधे द्यावी लागत. आता अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून खायची असते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. एका मात्रेने साधारण दहापैकी सात-आठ जणांचा अंकुशकृमी संसर्ग जातो. मेबेंडाझोलच्या एका मात्रेचा गुण याच्या निम्म्याहूनही कमी आहे. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि महाराष्ट्र पहिल्या टप्प्यापासूनच त्यात आहे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळांत व अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना गोळी देतात आणि चुकलेल्यांसाठी काही दिवसांनी पुन्हा फेरी होते. अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि आशाताई यांच्या श्रमांवर ही प्रचंड मोहीम चालते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातही जंतनाशक गोळीला स्थान आहे आणि गरोदर स्त्रीला पहिली तिमाही उलटल्यावर ती देता येते.

मोहिमेची वयोमर्यादा मोठ्या जंतासाठी योग्य आहे, कारण त्याचा भार लहान मुलांवर सर्वाधिक असतो. अंकुशकृमीचे गणित उलटे आहे. त्याचा संसर्ग वयाबरोबर वाढत जातो आणि जास्तीत जास्त कृमी प्रौढांच्या पोटात सापडतात. शाळेत गोळी खाल्लेला मुलगा संध्याकाळी ज्या वस्तीत परततो, तिथली माती त्याच्या आई-वडिलांमुळे आणि आजी-आजोबांमुळे पुन्हा दूषित होत असते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की उपचारानंतर वर्षभरात अंकुशकृमीचे प्रमाण मूळच्या निम्म्याहून वर परतते. पंचवीस ते पन्नास वयाची, गरोदर नसलेली, आवणीला जाणारी बाई जंतनाशक दिनाच्या कक्षेत कुठेच येत नाही. हत्तीरोगाच्या मोहिमेमुळे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत प्रौढांनाही अल्बेंडाझोल मिळत आले आहे. तशी संधी पेठ-सुरगाण्याच्या शेतकरणीला मिळायला हवी. संपूर्ण गावाला औषध देऊन संक्रमण तोडता येते का, हे पाहणारा मोठा प्रयोग २०१७ पासून तमिळनाडू, बेनिन आणि मलावी येथे झाला, म्हणजे हा विचार नवाही नाही.

तारखांचाही स्थानिक विचार व्हावा. ऑगस्टची गोळी संसर्गाच्या ऐन भरात पडते. त्यानंतरही सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत अळ्या शिरत राहतात आणि प्रवासात असलेल्या अळ्यांवर अल्बेंडाझोलचा फारसा परिणाम होत नाही. फेब्रुवारीत बहुतेक कृमी प्रौढ झालेले असतात, पण तोवर तीन-चार महिने रक्त गेलेले असते. शिवाय त्या वेळी द्राक्षकाढणीसाठी कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे गेलेली असतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर पालावर असतात. ज्या गावाच्या शिवारात पाल पडते, त्या गावच्या अंगणवाडीने ती मुले आपली मानून मोजली तरच ही गळती थांबेल. भातकापणी आटोपल्यावर, माणसे पूर्वेकडे जाण्याआधी, पश्चिम तालुक्यांत प्रौढांसह एक फेरी घेणे कृमीच्या चक्राशी अधिक जुळते.

औषधाने पोट साफ होते, माती होत नाही. शौचालयाचे महत्त्व इथे आहे, आणि महाराष्ट्राला या कामाची स्वतःची परंपरा आहे. आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारा ‘गोपुरी संडास’ विकसित केला. पुण्याजवळच्या देहूत डॉ. सुहास मापुसकर १९६०च्या सुमारास सरकारी डॉक्टर म्हणून आले आणि आयुष्यभर तिथेच शौचालयांच्या कामात राहिले. मैल्यापासून गोबरगॅस मिळवणारा ‘मलप्रभा’ संच हे त्यांचेच काम. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने हा विषय गावसभेत आणला, पुढे स्वच्छ भारत अभियान आले आणि २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला.

शौचालय बांधले म्हणजे कृमी गेले, असे मात्र होत नाही. ओडिशातील पुरी जिल्ह्यात शंभर गावांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शौचालये असलेल्या घरांचे प्रमाण ९ वरून ६३ टक्क्यांवर गेले, तरी कृमींच्या प्रमाणात घट दिसली नाही. उरलेली घरे आणि न वापरलेली शौचालये संसर्ग चालू ठेवायला पुरेशी होती. नाशिकच्या घाटमाथ्यावर ही अडचण वेगळ्या रूपात येते. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावांत मार्चनंतर विहिरी तळ गाठतात आणि बायका दूरवरून हंडे आणतात. ते पाणी शौचालयात ओतणे कोणाला परवडणार? पाण्याविना संडासात लाकूडफाटा रचला जातो, त्यात कोणाचा आळस नसतो. पावसाळ्यात उलट होते. खाली काळा पाषाण असल्याने शोषखड्डे पाण्याने भरून वाहू लागतात आणि मैला पुन्हा अंगणात येतो. म्हणून अशा गावांत उंच ओट्यावरचे, दोन खड्ड्यांचे शौचालय आणि वर्षभर पुरणारी नळयोजना ही कृमिनियंत्रणाचीच कामे समजावीत. भरलेला खड्डा किमान वर्षभर बंद राहिला की त्यातील अंकुशकृमीची अंडी व अळ्या मरतात आणि खत शेतात टाकता येते. कच्चे सोनखत किंवा सांडपाणी भाजीपाल्याला घालणे मात्र धोक्याचे आहे. बागेत पाल पडण्याआधी तिथे शौचालय उभे करणे ही बागाईतदाराची जबाबदारी ठरावी.

चपलांचा उपदेश सर्वांत सोपा आणि सर्वांत अपुरा आहे. शौचाला जाताना, अंगणात आणि वाटेवर पायात काही असले तर संसर्ग नक्कीच घटतो, विशेषतः मुलांचा. खाचरात त्याचा उपयोग नाही, म्हणून खाचराच्या वरच्या अंगाला शौच न होणे हाच तिथला खरा बचाव. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अनवाणी भातशेती आणि मानवी मैल्याचे खत दोन्ही होते. तिथे सार्वत्रिक शौचतपासणी, सामूहिक उपचार, रासायनिक खतांचा वापर आणि स्वच्छ शौचालये यांच्या जोडीने काही दशकांत अंकुशकृमी जवळपास नाहीसा झाला. त्या काळी अल्बेंडाझोलही नव्हते.

मध्यम व तीव्र संसर्गाचे प्रमाण २०३० पर्यंत मुलांमध्ये दोन टक्क्यांखाली आणणे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. नाशिकमध्ये ते मोजायचे तर तालुकानिहाय मोजावे लागेल, कारण येवला आणि पेठ यांची एकत्र सरासरी दोन्हींबद्दल खोटे सांगते. नमुने शाळेतल्या मुलांबरोबरच प्रौढ स्त्रियांचेही, पावसाळ्यानंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाड्यावरच घेऊन तिथेच तपासावेत आणि त्याच वेळी हिमोग्लोबिनही पाहावे. नाशिक शहरातच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. त्याच्याशी जोडलेल्या महाविद्यालयांतील सामाजिक वैद्यकशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना हे काम जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाबरोबर दरवर्षी करता येईल. एका सूक्ष्मदर्शकाचा, काही काचपट्ट्यांचा आणि घाट चढणाऱ्या चार-पाच माणसांच्या आठवडाभराच्या मुक्कामाचा खर्च यात आहे.